तिआनमेनची फिल्म आणि आमचं उपोषण

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत 'द गेट ऑफ हेवन्ली पीस' ही फिल्म दाखवली. फिल्म तीन तासांची. साऱ्याजणी शेवटपर्यंत बसतील असं मला वाटलं नव्हतं. मध्ये चहा झाला, दोघींना शेवटची एसटी गाठायची होती म्हणून त्या गेल्या. बाकीच्या बसल्या, आणि फिल्म संपल्यावर जे भांडण सुरू झालं ते जिन्यात, रस्त्यावर आणि दुसऱ्या दिवशी फोनवरही चालू राहिलं. त्या भांडणात मी एका बाजूने शिरले आणि दुसऱ्याच बाजूने बाहेर पडले. म्हणून हे लिहिते आहे.

फिल्म जुनी आहे. १९९५ ची. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये ती अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर 'फ्रंटलाइन' या मालिकेत दाखवली गेली. विषय आहे १९८९ सालचं चीनमधलं विद्यार्थ्यांचं लोकशाही आंदोलन, जे ३ आणि ४ जूनच्या रात्री रणगाडे आणि बंदुका वापरून चिरडलं गेलं. फिल्म केली कार्मा हिंटन आणि रिचर्ड गॉर्डन या नवरा-बायकोने. कार्मा अमेरिकन खरी, पण तिचा जन्म बीजिंगचा, १९४९ चा, आणि ती वाढलीही तिथेच. चिनी ही तिची पहिली भाषा. तिचे वडील विल्यम हिंटन, म्हणजे 'फानशेन'चे लेखक. आमच्या पिढीतल्या डाव्या अभ्यासवर्गांना गेलेल्यांनी हे नाव ऐकलेलं असणार. त्याच लाँग बो गावात कार्माने आधी बायकांवर एक फिल्म केली होती, 'स्मॉल हॅपिनेस'. मुलगा झाला तर मोठा आनंद, मुलगी झाली तर छोटा आनंद, अशी तिथली म्हण आहे, त्यावरून ते नाव. म्हणजे ही बाई आपल्याला परकी नाही. तिला बायकांकडे बघता येतं, हे आधीच सिद्ध झालेलं आहे.

तारखा थोडक्यात सांगते. १५ एप्रिल १९८९ ला हू याओबांग हे पक्षाचे पदच्युत सरचिटणीस वारले. उदारमतवादी म्हणून विद्यार्थ्यांचं त्यांच्यावर प्रेम होतं. शोक करायला मुलं तिआनमेन चौकात जमली. २२ तारखेला, अंत्यविधीच्या दिवशी, तीन विद्यार्थी संसदगृहाच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून, मागण्यांचा कागद डोक्यावर धरून बसले. कोणी घ्यायला आलं नाही. २६ एप्रिलला सरकारी वृत्तपत्राच्या अग्रलेखात आंदोलनाला 'अराजक' म्हटलं गेलं, आणि तो शब्द मागे घ्या ही आंदोलनाची एक मोठी मागणी होऊन बसली. १३ मे रोजी उपोषण सुरू झालं. दोन दिवसांनी गोर्बाचेव्ह येणार होते, जगभरचे कॅमेरे बीजिंगमध्ये होते. काहीशे मुलांनी सुरू केलेल्या उपोषणात पुढे तीन हजारांच्या आसपास मुलं बसली. २० मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. पण बीजिंगच्या साध्या माणसांनी रस्त्यात बसून, ट्रक अडवून, जवानांना समजावून सैन्य परत फिरवलं. हे दोन आठवडे टिकलं! पुढचं आपल्याला माहीत आहे.

माहीत आहे असं म्हणतो, पण ते अर्धवट असतं. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो रणगाड्यांपुढे हातात पिशव्या घेऊन उभा राहिलेला एकटा माणूस. फिल्म त्या माणसाच्या मागे उभ्या असलेल्या शेकडो जणांना बोलतं करते, आणि ते एकमेकांशी सहमत नाहीत. इथेच ही फिल्म नेहमीच्या दमनाच्या फिल्मपेक्षा वेगळी होते. सरकार क्रूर होतं हे ती सांगतेच. पण ती पुढे जाऊन विचारते की मे महिन्यात मागे फिरायच्या ज्या चार-दोन जागा होत्या तिथे का फिरता आलं नाही, निर्णय कोण घेत होतं, ज्यांच्या जिवावर घेत होतं त्यांना विचारलं होतं का.

या प्रश्नाच्या मधोमध फिल्मने एका मुलीला उभं केलं आहे. चाई लिंग. वय २३, मानसशास्त्राची विद्यार्थिनी. १२ मेच्या रात्री तिने केलेल्या भाषणाने उपोषणाला माणसं मिळाली. पुढे 'चौक संरक्षण मुख्यालया'ची ती सरसेनापती झाली. (ही सगळी पदं लष्करी होती बरं का. मुख्यालय, सेनापती, उपसेनापती. लोकशाही मागणाऱ्या मुलांना स्वतःसाठी शब्द सुचले ते फौजेचे. पण आपल्या संघटनांतही 'आघाडी', 'फळी', 'लढाऊ' हे शब्द कुठून आले, ते आपण तरी कधी विचारलं?) २८ मे रोजी ती फिलिप कनिंगहॅम या अमेरिकन पत्रकाराला मुलाखत देते. चेहरा थकलेला, मध्येच रडते. बोलते ते असं: आम्ही खरं तर रक्तपाताची वाट पाहतो आहोत, हे मी या मुलांना कसं सांगू? चौकात रक्त वाहिल्याशिवाय लोकांचे डोळे उघडणार नाहीत. तुम्ही स्वतः चौकात राहणार का, असं विचारल्यावर म्हणते, नाही, माझं नाव काळ्या यादीत आहे, मला जगायचं आहे.

फिल्ममध्ये ही मुलाखत एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा येते. त्यातल्या एका चिनी शब्दावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. त्या शब्दाचा अर्थ 'आशा करणे' घ्यायचा की 'अपेक्षा असणे, वाट पाहणे' घ्यायचा? चाई लिंगच्या बाजूचे म्हणाले की भाषांतराने तिला खुनशी ठरवलं. फिल्म पूर्ण होण्याआधीच, १९९५ च्या वसंतात, परदेशात पळून आलेल्या चिनी आंदोलकांमध्ये यावरून दोन तट पडले. आणि एक गोष्ट विसरता कामा नये. नाही म्हणाली तरी ती राहिली. ४ जूनच्या पहाटे शेवटच्या विद्यार्थ्यांबरोबर ती चौकातून बाहेर पडली. त्यानंतर दहा महिने चीनमध्येच लपून काढले आणि मग देशाबाहेर निसटली.

मी ही फिल्म पहिल्यांदा पाहिली ती १९९८ च्या सुमारास, एका मैत्रिणीने अमेरिकेहून आणलेल्या कॅसेटवर. तेव्हा मी संतापले होते. त्या मुख्यालयात पुरुष होतेच की. २७ मे रोजी विचारवंत आणि विद्यार्थी यांच्या संयुक्त बैठकीत ३० तारखेला चौक सोडायचा असं ठरत आलं होतं, चाई लिंगही तयार झाली होती. चौकात परतल्यावर निर्णय फिरला आणि तो फिरवण्यात उपसेनापती ली लूचा मोठा हात होता. मग अश्रू तेवढे हिचेच का दाखवायचे? पुरुष चुकला तर त्याचे डावपेच चुकले, बाई चुकली तर ती भावनाविवश, तोल सुटलेली. चळवळीत आपण हे कितीदा ऐकलं आहे! मी तेव्हा एका मासिकासाठी तावातावाने टिपण लिहिलं होतं. ते छापून आलं नाही. आज वाटतं, बरं झालं.

आता त्या दिवशीच्या बैठकीत काय झालं ते सांगते. मी तोच मुद्दा मांडला, वीस-पंचवीस वर्षांत घासून गुळगुळीत झालेला. तर आमच्या गटातली एक तरुण वकील म्हणाली, "ताई, तुम्ही तिला बाई म्हणून सूट देताय. ती सरसेनापती होती ना? मग सरसेनापतीला विचारतात ते तिला विचारलं, यात बिघडलं काय? आणि फिल्ममध्ये ती एकटीच बाई आहे का? बाकीच्या तुम्हाला दिसल्या नाहीत?"

मी गप्प बसले. कारण खरंच, मला दिसल्या नव्हत्या.

दिसायला हव्या होत्या. वांग चाओहुआ आहे. विद्यार्थी संघटनेतली, वयाने बाकीच्यांपेक्षा थोडी मोठी. उपोषण थांबवा, चौक सोडा, मिळालंय ते पदरात घेऊन विद्यापीठात परत चला, असं सांगत फिरणारी. नंतर सरकारने ज्या २१ विद्यार्थ्यांना 'हवे आहेत' म्हणून जाहीर केलं त्यांत मुली दोनच, चाई लिंग आणि ही. म्हणजे नेमस्त असूनही सुटली नाही. लियांग शियाओयान ही अध्यापिका आहे, जिच्या बोलण्यात कुठेही फुगवटा नाही. ल्यू जिंगहुआ ही कपड्यांचा छोटा धंदा करणारी बाई आहे. ती बघायला म्हणून आली आणि कामगारांच्या स्वायत्त संघटनेची निवेदक झाली, लाऊडस्पीकरवर तिचा आवाज. या कामगारांना विद्यार्थ्यांनी बरेच दिवस चौकाच्या मधल्या भागात येऊ दिलं नव्हतं, आपलं आंदोलन 'शुद्ध' राहावं म्हणून. कामगारांचा नेता हान डोंगफांग हा रेल्वेतला वीजतंत्री. त्याला विद्यार्थ्यांपेक्षा फार जास्त भोगावं लागलं. तुरुंगात क्षय झाला, एक फुप्फुस गेलं.

आणि दाई चिंग आहे. नर्मदेच्या काठी जाऊन आलेल्या मैत्रिणींना हे नाव आठवेल. यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाविरुद्ध १९८९ च्या सुरुवातीला 'यांगत्से! यांगत्से!' हे पुस्तक काढणारी पत्रकार. १४ मे रोजी ती आणि इतर अकरा लेखक-विचारवंत चौकात गेले, उपोषण सोडा म्हणून विनवलं. मुलांनी ऐकलं नाही. फिल्ममध्ये ती विद्यार्थी नेत्यांबद्दल इतकं कडक बोलते की बसल्या जागी अंग चोरावंसं वाटतं. सरकारने तिचं कौतुक केलं असेल म्हणता? तिला जुलैमध्ये पकडलं, दहाएक महिने तुरुंगात ठेवलं आणि पुस्तकावर बंदी घातली.

तेव्हा 'पुरुषांनी बाईवर खापर फोडलं' हा माझा सिद्धांत टिकला नाही. टोकाला जाणारी बाई होती, थांबवणारी बाई होती, लाऊडस्पीकर धरणारी बाई होती. मी मात्र त्यांतली एकच पाहिली, जिच्यावर कॅमेरा सगळ्यात जास्त होता ती.

पण मला गप्प बसवणारं कारण याहून वेगळं होतं. ते त्या दिवशी बोलले नाही. इथे लिहिते.

१९९१ साली एका तालुक्याच्या गावी आम्ही सातजणी बेमुदत उपोषणाला बसलो होतो. एका लग्न झालेल्या मुलीचा जळून मृत्यू झाला होता आणि पोलिसांनी स्टोव्हचा भडका म्हणून कागद बंद केले होते. गुन्हा नोंदवा, एवढीच आमची मागणी. मी सव्वीस वर्षांची, माइक माझ्याकडे. पहिले दोन दिवस गर्दी होती. तिसऱ्या दिवशी कोणी फिरकलं नाही. बाजाराचा दिवस, ऊन मी म्हणत होतं, साहेब दौऱ्यावर. आमच्यात विड्या वळणारी एक मावशी होती, पन्नाशीची. चौथ्या रात्री ती म्हणाली, "पोरी, चक्कर येतीया गं." मी तिला लिंबू-मिठाचं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मंडपात पडल्या पडल्या माझ्या मनात स्पष्ट, अगदी शब्दांत विचार आला: उद्या हिला दवाखान्यात न्यावं लागलं तर पेपरवाले येतील.

पाचव्या दिवशी दुपारी ती बेशुद्ध पडली. पेपरवाले आले. सहाव्या दिवशी गुन्हा नोंदला गेला.

आम्ही गुलाल उधळला. मावशीला दोन दिवस सलाइन लावून ठेवलं होतं. मी फळं घेऊन भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "जमलं ना?" मी म्हटलं, जमलं. चौथ्या रात्रीबद्दल कोणालाच बोलले नाही. माझ्यासमोर कोणी कॅमेरा धरला नव्हता. चाई लिंगसमोर धरलेला होता, आणि ती बोलली. आमच्यात फरक एवढाच आहे का? नाही. तिच्या बाजूला हजारो मुलं होती आणि समोर रणगाडे होते, माझ्यापुढे एक आळशी कचेरी. पण वाट पाहण्याची जात एकच होती. त्या चिनी शब्दाचा अर्थ 'आशा' की 'अपेक्षा' यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. मंडपात पडल्या पडल्या मला तरी त्या दोन्हींतला फरक करता आला नसता.

तेव्हा फिल्मने ती मुलाखत दाखवली हे बरोबर केलं असं मी आता म्हणते. कितीदा दाखवली याबद्दल माझी तक्रार अजून आहे. कार्मा हिंटनने चाई लिंगला फिल्मसाठी बोलावलं होतं, तिने नकार दिला, हेही खरं. त्यामुळे तेवीस वर्षांची, न झोपलेली चाई लिंगच तेवढी आपल्याला दिसते. मोठी होऊन मागे वळून पाहणारी दिसत नाही. बाकी सगळ्यांना पाच-सहा वर्षांनी शांतपणे विचार करून बोलायला मिळालं. हा तोल फिल्मला साधला नाही. त्याचा दोष मात्र दोन्हीकडे जातो.

आणि चाई लिंगने पुढे जे केलं त्याचं समर्थन करता येत नाही. अमेरिकेत शिकून तिने १९९८ मध्ये जेन्झबार ही सॉफ्टवेअरची कंपनी काढली. त्या कंपनीने २००७ मध्ये कार्माच्या संस्थेवर दावा ठोकला. बदनामीचा भाग लवकरच फेटाळला गेला, ट्रेडमार्कचा भाग रेंगाळत राहिला आणि २०१२ मध्ये अपिलातही कंपनी हरली. पैसेवाल्या कंपनीने फिल्म करणाऱ्या छोट्या संस्थेला पाच वर्षं कोर्टात फिरवावं, हे लोकशाहीच्या लढ्यातल्या बाईला शोभलं का? हीच बाई २०१० पासून चीनमधल्या सक्तीच्या गर्भपातांविरुद्ध आणि मुली नाहीशा होण्याविरुद्ध संस्था काढून काम करू लागली. एकाच माणसात हे सगळं असतं. आपल्याला ती किंवा वीरांगना हवी असते किंवा खलनायिका.

बैठकीत एका जुन्या कार्यकर्तीने दुसरी शंका काढली, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती म्हणाली, आंदोलनाच्या चुका अशा उघड्यावर मांडल्या की सरकारचंच फावतं. चाई लिंगचं ते बोलणं चिनी सरकारला आयतंच कोलीत मिळालं, बघा, यांनाच रक्त हवं होतं. खरं आहे. पण मग चिनी सरकारने या फिल्मला टाळ्या वाजवायला हव्या होत्या. प्रत्यक्षात १९९५ च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात ही फिल्म आहे म्हणून त्यांनी दिग्दर्शक झांग यिमोऊला तिथे जाऊ दिलं नाही, त्याची स्वतःची फिल्म महोत्सवाच्या उद्घाटनाला असूनही! सरकारला चुकांची चर्चाही नको असते, कारण चर्चेत शेवटी बंदुकीपर्यंत यावंच लागतं.

गायक हो डेजियानचा भाग मला याच संदर्भात महत्त्वाचा वाटतो. ४ जूनच्या पहाटे त्याने आणि झोऊ डुओने सैन्याशी बोलणी करून मुलांना चौकातून बाहेर पडायला वाट मिळवून दिली. नंतर त्याने सांगितलं की चौकात मी स्वतः कोणाला मरताना पाहिलं नाही. त्याचे साथीदार चिडले, तू सरकारला मदत करतोस म्हणून. तो फिल्ममध्ये विचारतो ते साधारण असं की खोटं बोलणाऱ्याशी लढायला आपणही खोटंच वापरायचं का, खऱ्यात तेवढं बळ नाही का? फिल्म त्याच वाटेने जाते. माणसं मुख्यतः मारली गेली ती चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर, मुशिदीला, चांगआन मार्गावर, आणि त्यांत विद्यार्थ्यांपेक्षा शहरातले साधे लोक जास्त. त्याने हत्याकांड लहान होत नाही.

'घरचं चव्हाट्यावर आणू नका' हे वाक्य आपल्याला नवीन आहे का? सासरच्यांनी म्हटलं, जातपंचायतीने म्हटलं, आणि आपल्याच पुरोगामी संघटनांतल्या भाऊ-दादांनी म्हटलं, एखादीने कॉम्रेडच्या वागणुकीबद्दल तोंड उघडलं तेव्हा. त्या वेळी आपण चव्हाटाच निवडला होता.

डिंग झिलिनबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अर्धा राहील. ती बीजिंगच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारी प्राध्यापिका. मुलगा सतरा वर्षांचा. ३ जूनच्या रात्री आईने अडवलं, तर तो न्हाणीघराच्या खिडकीतून निघून गेला आणि गोळी लागून मेला. दोन वर्षांनी पंतप्रधान ली पेंग पत्रकारांपुढे म्हणाले की मृतांची नावं जाहीर करायला त्यांच्या घरच्यांचीच इच्छा नाही. पोलीस ठाण्यात आपण हे किती वेळा ऐकलं आहे, 'घरच्यांचीच तक्रार नाही, बाई'! डिंग झिलिनने तेव्हा परदेशी वाहिनीला मुलाखत देऊन सांगितलं की माझी इच्छा आहे. मग ती आणि झांग शियानलिंग ही दुसरी आई एकेक घर शोधत निघाल्या. मेलेला कोण, वय काय, कुठे लागली, मागे कोण आहे. नोकरी गेली, पाळत बसली, दर जूनमध्ये नजरकैद. तरीही यादी दोनशेच्या पुढे गेली. सरकारने आजवर एकही यादी दिलेली नाही. त्यांच्या मागण्या तीनच: खरं सांगा, भरपाई द्या, जबाबदारांवर खटला चालवा.

त्यांना जग 'तिआनमेनच्या माता' म्हणतं. या नावावर आमच्यात वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. आई म्हटलं की बोलायची सवलत मिळते, नागरिक म्हटलं की तुरुंग मिळतो. हे डिंग झिलिनला कळत नसेल असं नाही. यादीचं काम तिच्याबरोबर करणारा तिचा नवरा जियांग पेईकुन २०१५ मध्ये वारला, तो कोणाची आई नव्हता. पण हातात असेल ते हत्यार वापरावं लागतं, असं आमच्यातल्या निम्म्याजणींचं म्हणणं पडलं.

हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १९९० पासून दर ४ जूनला मेणबत्त्या पेटत. २०२० मध्ये त्यावर बंदी आली, पुढच्या वर्षी ते आयोजणारी संघटना संपवली गेली आणि तिची उपाध्यक्ष चाऊ हांग तुंग ही वकील गजाआड गेली. आमची तरुण वकील तिच्याबद्दल पुढच्या अंकात लिहिणार आहे.

पुढच्या बैठकीला 'स्मॉल हॅपिनेस' दाखवायची आहे. मावशी आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, डोळ्याला कमी दिसतं. तिला फिल्म दिसणार नाही, पण मी तिला घेऊन यायचं ठरवलं आहे. तिला त्या चौथ्या रात्रीचं सांगायचं आहे, आणि ते मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे. ती काय म्हणेल मला माहीत नाही.